एक ओळ सूट

क

आमच्या दुकानाची लांबी दहा फूट. डोळे तपासायला वीस फूट अंतर लागतं. उरलेले दहा फूट आजोबांनी आरशातून आणले.

म्हणजे असं. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं. त्याच्या डोक्याच्या वर, पाठीमागच्या भिंतीवर, तक्त्याची पेटी. समोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघतं आणि आपल्याच डोक्यावरची अक्षरं वाचतं. आरशात उलटं दिसतं म्हणून अक्षरं मुळातच उलटी काढलेली. ती आजोबांनी काढली, ब्रशने, काळ्या रंगात, साध्या काचेवर. त्या काचेमागे दुधी काच आणि तिच्यामागे दिवे. आजोबा गेल्यावर झिजलेली अक्षरं बाबा रंगवत आले. उलटं अक्षर झरझर काढणारं दुसरं घर निदान मी तरी पाहिलेलं नाही. मी पहिलीत गेले तेव्हा पाटीभर उलटी अक्षरं लिहून ठेवली होती. बाईंनी बाबांना शाळेत बोलावून घेतलं. बाबांनी पाटी लांब धरून पाहिली आणि म्हणाले, "वळण चांगलं आहे."

तक्त्याच्या ओळी सहा. पहिल्या ओळीत एकटा क, ताटलीएवढा. शेवटच्या ओळीत सहा अक्षरं, मुंगीएवढी. त ख ज भ ण ड. बोलायला लागले तेव्हापासून हे मला पाठ आहे. बाबांनाही पाठ आहे. आम्ही त्या तक्त्याकडे बघतच नाही. आपल्या नाकाकडे कोण बघतं?

आमच्या घराण्यात दागिने नाहीत, जमीन नाही. एक नियम आहे. तो आजोबांनी बाबांना तोंडी दिला आणि बाबांनी मला. प्रवासी गाडी चालवणाऱ्याला दर तीन वर्षांनी डोळ्यांचा दाखला लागतो आणि दाखल्याला पाच ओळी वाचाव्या लागतात. चार वाचणारा माणूस समोर आला आणि त्याच्या हातातोंडाचा प्रश्न असला, तर त्याला एक ओळ सूट. चारच्या पाच लिहायच्या. तीन वाचणाऱ्याला नाही. आजोबा त्या बाबतीत कडक होते म्हणे. एक म्हणजे एक.

दोन वर्षांपूर्वी कायदा बदलला. दाखल्यावर सही करायला पदवी लागू लागली. बाबांकडे पदवी नव्हती, माझ्याकडे होती. मी मोठ्या दवाखान्यातली नोकरी सोडून दुकानात आले, येताना डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र घेऊन आले. ते बुबुळावर हवेची बारीक झुळूक सोडतं. बाबा त्याला फुंकणी म्हणतात. "काय गं, आज किती जणांना फुंकलंस?" असं जेवताना विचारतात. सही माझी झाली, पण खुर्चीमागची पेटी, आरसा आणि नियम त्यांचाच राहिला. आमच्यात त्यावरून भांडण झालं नाही, कारण दोन वर्षांत चार ओळींचा माणूस आलाच नाही.

आता येणार होता. येत्या गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता. बाबांचा सगळ्यात जुना मित्र. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा, म्हणून सगळ्या वस्तीचा व्हॅनकाका. मी त्यांच्या व्हॅनमधून दहा वर्षं शाळेत गेले. आमचं घर मार्गाच्या टोकाला, त्यामुळे मी सगळ्यांत शेवटी उतरायची. अजून रस्त्यात भेटले की ओरडतात, "काय गं शेवटची!"

त्यांचा दाखला संपत आला होता. सही मला करायची होती.

प र

चष्म्याचा नंबर काढताना आम्ही एक भिंग घालतो, काढतो, दुसरं घालतो आणि विचारतो: आधी बरं, की आता?

पहिलं भिंग. ही गोष्ट बाबांची.

आजोबांकडे एक बसड्रायव्हर आला. चार ओळी वाचल्या, पाचवीला अडला. घरी पाच तोंडं खाणारी. खुर्चीतून उठताना पायरी चुकल्याचं निमित्त करून तो खाली बसला आणि रडला. आजोबांनी पाच लिहिल्या. तो माणूस पुढे पंधरा वर्षं बस चालवत होता. बसला एक ओरखडा नाही. निवृत्त झाला त्या दिवशी शेवटची फेरी संपवून रिकामी बस घेऊन थेट दुकानासमोर आला आणि तीनदा हॉर्न वाजवला. आजोबा बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहिले. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. "तो हॉर्न माझ्या कानात आहे," बाबा म्हणतात. "माणसाने मागे काय ठेवावं? असा एक हॉर्न ठेवावा."

दुसरं भिंग. ही गोष्ट आत्याची. बाबांची थोरली बहीण, फोनवर बोलते तरी शेजारच्यांना ऐकू जातं.

"ओरखडा कसा येईल? कंडक्टर होता ना! तो आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. पंधरा वर्षं ड्रायव्हरच्या मागे उभा राहून बोलायचा तो. सायकल. म्हातारी. वळण. हळू. एक दिवस सीटवर बसला नाही बिचारा. बढती आली तर घेतली नाही, कारण दुसऱ्या बसवर जावं लागलं असतं. घसा बसला तो बसलाच. नंतर त्याला हाक मारता यायची नाही, टाळी वाजवून पोरांना बोलवायचा. त्याच्या दारासमोर कुणी हॉर्न वाजवला नाही हो. चांगले कोण, तर आमचे वडील!"

"आत्या, मग आजोबा वाईट होते का?"

"छे! देवमाणूस होता. पण देवमाणसाच्या आसपास कोण उभं असतं तेही बघावं जरा."

आधी बरं, की आता?

आणखी एक. ही माझी. तिसरीत असताना मी शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवते अशी तक्रार आली. बाबांनी मला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, म्हणाले, वाच. मी सहाच्या सहा ओळी धडाधड म्हटल्या. दुसरा डोळा. पुन्हा सहा. बाबा आईला म्हणाले, "घारीचे डोळे आहेत पोरीचे. डोळ्यांचा दोष नाही, आळस आहे." मला फळा दिसत नव्हता. मला वाटायचं फळा असाच असतो, सगळ्यांनाच. दोन वर्षं मी आळशी होते.

पाचवीत असताना मी तीनदा चुकीच्या व्हॅनमध्ये चढले. तिसऱ्या वेळी व्हॅनकाकांनी मला उतरवून घेतलं, घरी सोडताना दुकानासमोर गाडी लावली आणि मला फुटपाथवर उभं केलं. "शेवटची, समोरच्या दुकानाची पाटी वाच बघू."

"कुठली पाटी?" मी विचारलं.

ते दुकानात गेले. बाबा फ्रेमचा स्क्रू पिळत होते. "तुझ्या पोरीला दिसत नाही."

"मी स्वतः तपासलंय. सहा ओळी वाचते."

"तुझा तक्ता वाचते. रस्ता वाचत नाही."

बाबा चिडले. मित्राने आपल्या धंद्यात आपल्याला शिकवावं, तेही दोन गिऱ्हाइकांसमोर! आठ दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी. पण नवव्या दिवशी माझ्या नाकावर चष्मा होता. मी फुटपाथवर उभी राहून समोरची पाटी वाचली, तिच्या शेजारची वाचली, तिच्या वरची वाचली, आई हाका मारीपर्यंत वाचत राहिले.

बाबा ही गोष्ट सांगतच नाहीत. सांगायची वेळ आली तर एवढंच म्हणतात, "पोरीला पाचवीत चष्मा लावला मी."

ग न म

मंगळवारी दुपारी काकू आल्या. व्हॅनकाकांची बायको. बाबा जेवून घरी आडवे झाले होते, ते बघूनच आल्या असाव्यात.

"चष्मा सैल झालाय गं. सारखा खाली येतो."

"मान खाली घालून कसलं काम करता एवढं?"

"मान खाली? वर्ष झालं, मान वर करूनच बसलेय."

मी फ्रेमच्या काड्या गरम करून वाकवल्या. काकू काउंटरवर दोन्ही हात ठेवून बोलत होत्या. उजव्या हाताच्या चारही बोटांच्या पेरांना घट्टे पडले होते. वर्षभर त्या व्हॅनमध्ये पुढे बसतात. मुलांवर लक्ष ठेवायला, असं पालकांना सांगितलंय. एक हात डॅशबोर्डवर घट्ट आणि तोंडाने सुरू: लाल. माणूस. हळू. कुत्रं. रिव्हर्स नको, मागे मोपेड आहे.

"पोरं मला रेडिओ म्हणतात," काकू हसल्या. "हे म्हणतात, अजून तीन वर्षं. हा शेवटचा दाखला. मग बास."

"तुम्हीच सांगा ना त्यांना, की आताच बास."

"मी सांगितलं तर मी वाईट. तू सांगितलंस तर तू वाईट. तुझ्या बाबांना तर वाईट व्हायची सवयच नाही." त्यांनी चष्मा घालून बघितला, मान हलवली, चष्मा घसरला नाही. "कुणीतरी व्हायला पाहिजे ना गं पण. माझा घसा दुखतो आता."

बुधवारी संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर मी बाबांना सांगितलं. ते चष्म्याच्या काचा पुसत होते.

"नवरा-बायको गाडीत बोलतात. त्यात काय?"

"बोलत नाहीत, बाबा. त्या त्यांना रस्ता वाचून दाखवतात. मागे अकरा पोरं असतात."

"बत्तीस वर्षं गाडी चालवतोय तो. एक ओरखडा नाही."

"त्या ड्रायव्हरच्या बसलाही नव्हता."

बाबांचा हात थांबला. हे मी बोलायला नको होतं, पण बोलून गेले होते.

"आत्याने तुझे कान भरले," ते म्हणाले. "हे बघ. तुझ्या आजोबांनी कुणाच्या पोटावर पाय दिला नाही. मी दिला नाही. तू सुरुवात करणार, तीही त्याच्यापासून? तुला ताप आला की पेपरला उचलून नेणारा माणूस आहे तो. एक ओळ मागतोय मी. दुकान नाही मागत."

"मला त्यांच्याशी बरोबर वागायचंय."

"बरोबर तुझी फुंकणीही वागते. चांगलं वागायला माणूस लागतो."

"मग काकांनी मला फुटपाथवर पाटी वाचायला लावली, ते काय होतं? बरोबर की चांगलं?"

त्यांनी पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. मग म्हणाले, "त्याने पाच ओळी वाचल्या तर?"

"तर पाच लिहीन. वाचतील तेवढ्याच लिहीन."

"मग झालं तर." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला वाटलं, त्यांना पटलं. ते मागच्या खोलीत गेले आणि रंगाच्या डब्या शोधू लागले. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाठांतराची भानगड माझ्याइतकी कुणाला ठाऊक असणार! तीस वर्षं काका त्या दुकानात चहा प्यायला येतात. म्हणून गुरुवारी सकाळी मी भिंगांच्या घाऊक दुकानात जाऊन नवा तक्ता घेतला. वेगळी अक्षरं. तो गुंडाळून काखेत धरून अकराच्या सुमारास परत आले, तर दुकानासमोर पिवळी व्हॅन उभी. शाळा अर्ध्या दिवसाची होती. काकू पुढच्या सीटवर बसून होत्या, हात डॅशबोर्डवर, गाडी बंद असूनही. काका पायरीवर.

"काय गं शेवटची! म्हटलं संध्याकाळी कशाला, आत्ताच उरकू."

त्यांनी नवा शर्ट घातला होता. दाढी करताना हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं.

स ल व ट

त्यांच्यासमोर तो तक्ता उलगडायचा मला धीर झाला नाही. म्हणजे त्यांना सांगायचं की, काका, तुमच्यावर विश्वास नाही. मी गुंडाळी टेबलाला टेकवून ठेवली. मनात म्हटलं, आधी जुना, मग काहीतरी कारण काढून नवा. फॉर्म पुढे ओढला, पेटीच्या दिव्याचं बटण दाबलं आणि मुद्दाम कागदाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघायचं नव्हतं.

"उजवा डोळा. डावा झाका. वाचा."

थोडा वेळ काहीच नाही. मग त्यांनी घसा खाकरला.

"क."

मी पहिल्या ओळीवर खूण केली.

"प, र." खूण. "ग, न, म." खूण. ते सावकाश, मध्येच थबकत वाचत होते. स ल व ट. ट ला तर पुढे वाकल्यासारखे झाले. द ब च ह य. पाच झाल्या. पाच! माझ्या अंगातून इतकं हलकं काहीतरी गेलं की मी सहाव्या ओळीवर आधीच खूण करून टाकली. त, ख, ज.

मागच्या खोलीच्या दारात बाबा येऊन उभे राहिले. हातात ब्रश, ब्रशला काळा रंग. ते काकांच्या डोक्याच्या वर बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग ते बघत होते तिकडे पाहिलं.

पेटी पांढरी होती. नुसती दुधी काच आणि तिच्यामागे लख्ख दिवे. अक्षरांची काच मागच्या खोलीत टेबलावर वाळत होती.

"भ, ण, ड," काका आरशाकडे बघत म्हणाले. "झाला. आता डावा?"

त्यांनी हात बदलला, उजवा डोळा झाकला आणि पुन्हा सुरुवात केली. क. प र. कोऱ्या उजेडातून त्यांनी सहाच्या सहा ओळी वाचून काढल्या, थबकत, पुढे वाकत. मी थांबवलं नाही. बाबांनीही नाही. ब्रशवरून एक थेंब फरशीवर पडला.

"अरे," शेवटी बाबा म्हणाले, "काच आत आहे."

"कुठली काच?"

"अक्षरांची. मी सकाळी काढली. जरा जाड करत होतो. तुला सोपं जावं म्हणून. तू पाचला येणार होतास ना..."

"म्हणजे भिंतीवर काही नाहीये?"

"नाही."

"खरंच नाहीये?"

"नाहीये रे बाबा."

काकांनी खुर्चीच्या दांड्या सोडल्या आणि मोठ्याने हसले. "हात्तिच्या! मला वाटलं माझेच गेले! अरे, निदान क दिसायचा मला, काळा डाग तरी. आज तोही नाही म्हटल्यावर घाम फुटला. म्हटलं, आता काय, म्हणून तर टाकू..."

आणि मग त्यांचं हसू थांबलं, कारण आपण काय बोललो ते त्यांनाही ऐकू आलं.

बाबा स्टुलावर बसले. "मागच्या दाखल्याला तू चार वाचल्या होत्यास. मी पाच लिहिल्या."

"दिसत होत्या दोन. पुढच्या दोन पाठ होत्या, बाकीच्या नंतर केल्या." काका आरशाकडेच बघत होते. "तू एक देत होतास, मी दोन घेत होतो. तुला वाटायचं एकच दिली. मला वाटायचं, त्याला माहीत असणार."

द ब च ह य

मी त्यांना फुंकणीसमोर बसवलं. आधी टॉर्चने बुबुळं पाहिली, मग दाब मोजला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो निघण्यासारखा. डाव्यातला आकडा बघून मी पुन्हा मोजला, मग तिसऱ्यांदा. काचबिंदू. मोठ्या दवाखान्याला पत्र लिहिलं. बाबा माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"हे कधीचं असेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाच-सहा वर्षांचं."

"तेव्हा कळलं असतं तर?"

"थेंबांवर थांबलं असतं," मी म्हटलं. पण सहा ओळींवरच्या खुणा माझ्या हातच्या होत्या आणि फॉर्म आमच्या दोघांच्या मध्ये पडला होता. बाबांनी तो ओढून घेतला. सहाही खुणांवर एकेक आडवी रेघ मारली आणि खाली 'नाही' लिहिलं. मग सही केली, लफ्फेदार, तीस वर्षांच्या सवयीची. त्या सहीला आता कायद्यात किंमत नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी तिच्याखाली माझी केली.

"मी सांगू हिला, बाहेर जाऊन?" काका विचारत होते.

"मी सांगतो," बाबा म्हणाले.

दुकानाच्या काचेतून मला दिसत होतं. बाबा व्हॅनच्या खिडकीपाशी वाकले, हातात अजून तो ब्रश. काय बोलले ते ऐकू आलं नाही. मोठं काही नसावं. काकूंनी ऐकलं, डॅशबोर्डवरचा हात उचलून मांडीवर ठेवला, मान सीटला टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

त ख ज भ ण ड

व्हॅन मी चालवत नेली. काकू मागे झोपल्या होत्या. काका माझ्या शेजारी बसून रस्ता सांगत होते: आता डावीकडे, आता शाळेची भिंत, आता सांभाळ, मोठा खड्डा येईल.

तो खड्डा कधीच बुजवला होता. मी वेग कमी केला आणि गाडी कडेने घेतली.